खैराटचा लॅपटॉप आणि ‘चालणे’ या शब्दाचा अर्थ : मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या एका प्रयोगाची समीक्षा

सारांश : रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात खैराट येथील एकशिक्षकी शाळेत २००७ साली ‘एक्सओ’ लॅपटॉपचा प्रयोग सुरू झाला. नेहमीच्या संगणकापेक्षा वेगळ्या घडणीच्या यंत्रावर लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली चालविण्याचे आपल्या जिल्ह्यातील ते ठळक उदाहरण होय. या प्रयोगाची आजवरची चर्चा मुख्यतः शिक्षणशास्त्राच्या अंगाने झाली. प्रस्तुत लेखात यंत्र, कार्यप्रणाली आणि भाषा या तीन अंगांनी त्याचे मूल्यमापन केले असून, त्यातून पेण-रोहा परिसरातील महाविद्यालयांसमोर आज उभ्या असलेल्या प्रश्नाकडे लक्ष वेधले आहे.

बीजशब्द : मुक्तस्रोत, लिनक्स, स्थलांतरक्षमता, एक्सओ, युनिकोड

१. प्रस्तावना

संगणकाविषयी बोलताना ‘चालतो’ हे क्रियापद आपण फार सहजपणे वापरतो. प्रयोगशाळेतील वीस संगणकांपैकी किती चालतात, असे प्राचार्य विचारतात आणि आपण एक आकडा सांगतो. या आकड्यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली असते. यंत्र आज चालते, हे एक विधान झाले. ते उद्या बंद पडले तर चालू करण्याचे ज्ञान, अधिकार आणि साधने आपल्याकडे आहेत, हे त्याहून सर्वस्वी वेगळे विधान होय. पहिल्याची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते. दुसऱ्याची नोंद कोठेही होत नाही.

हा भेद आज केवळ तात्त्विक राहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीला नियमित मोफत सुरक्षा-सुधारणा देणे थांबविले. तिची पुढील आवृत्ती विंडोज ११ ही अधिकृतपणे ठरावीक पिढीनंतरच्या प्रोसेसरवर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था असलेल्या यंत्रांवरच बसते. परिणामी, काल ‘चालणारे’ अनेक संगणक, त्यांच्यातील एकही भाग झिजलेला नसताना, आज ‘कालबाह्य’ ठरले आहेत. ग्रामीण व निमशहरी महाविद्यालयांना हा प्रश्न अधिक जाणवणारा आहे, कारण तेथे संगणक खरेदी दरवर्षी होत नाही.

अशा वेळी मुक्तस्रोत कार्यप्रणालीचा पर्याय सुचविला जातो. तो योग्यच आहे. परंतु त्याकडे केवळ ‘फुकट मिळणारे सॉफ्टवेअर’ म्हणून पाहिले तर निराशा पदरी पडण्याचा संभव आहे. ती कशी पडते हे समजून घेण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील एका प्रयोगाकडे पुन्हा वळणे उपयुक्त ठरेल.

२. स्थलांतरक्षमता म्हणजे काय?

मूळ विषयाकडे जाण्यापूर्वी एक संकल्पना स्पष्ट करणे आवश्यक आहे. युनिक्स ही कार्यप्रणाली १९६९ साली बेल प्रयोगशाळेत जन्मली. प्रारंभी ती एका विशिष्ट यंत्राच्या यंत्रसन्निध भाषेत लिहिलेली होती. १९७३ मध्ये तिचा गाभा ‘सी’ या भाषेत पुन्हा लिहिला गेला आणि तेथे एक मोठे परिवर्तन घडले. यंत्र बदलले तरी संपूर्ण प्रणाली नव्याने लिहिण्याची गरज उरली नाही. यंत्राशी थेट बोलणारा लहानसा भाग बदलावा, उरलेला भाग पुन्हा संकलित करावा, एवढ्यावर काम भागू लागले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात युनिक्स अशा रीतीने पूर्णतः वेगळ्या घडणीच्या यंत्रांवर नेली गेली.

रायगडच्या वाचकाला ही कल्पना रेल्वेच्या उदाहरणाने चटकन समजेल. रोहा येथे मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. तरी दक्षिणेकडे जाणाऱ्या प्रवाशाला गाडी बदलावी लागत नाही, कारण दोन्हीकडे रुळांमधील अंतर एकच आहे. याच जिल्ह्यात नेरळला मात्र माथेरानच्या प्रवाशाला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसावे लागते. घाट चढण्यासाठी ती अरुंद वाट योग्यच होती. परंतु तिच्यासाठी डबे, इंजिने आणि दुरुस्तीची व्यवस्था वेगळी ठेवावी लागली. संगणकाच्या जगात प्रत्येक नव्या घडणीचा प्रोसेसर हा एक प्रकारचा ‘नेरळ’ असतो. युनिक्सने आणि तिच्या मुक्तस्रोत वारसांनी अशा अनेक नेरळांचे रोहा केले.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा आरंभ केला तेव्हा ती केवळ इंटेल ३८६ साठी होती, आणि ती इतर यंत्रांवर नेता येईल असे खुद्द त्यांनाही वाटत नव्हते. १९९५ च्या सुमारास ती डेकच्या अल्फा प्रोसेसरवर गेली आणि त्या निमित्ताने तिची अंतर्रचना सुधारली. १९९३ मध्ये सुरू झालेल्या नेटबीएसडी या प्रकल्पाने तर स्थलांतरक्षमता हेच आपले ब्रीद मानले. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पाचशे सर्वांत वेगवान संगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालत आला आहे आणि आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही तोच आहे.

महाराष्ट्राला अपरिचित यंत्रे नवी नाहीत. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये सादर केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक ट्रान्सप्युटर या आगळ्या प्रोसेसरवर उभा होता. पुढे ‘परम १००००’ (१९९८) मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क, तर ‘परम पद्म’ (२००३) मध्ये आयबीएमचे पॉवर-४ प्रोसेसर आले. सोबत त्या त्या कंपनीच्या युनिक्सही आल्या. म्हणजे पर्यायी यंत्रांवर युनिक्स चालविण्याचे कौशल्य आपल्याकडे होते, परंतु ते राष्ट्रीय प्रयोगशाळांच्या आवारात होते. ते एका आदिवासीबहुल तालुक्यातील एकशिक्षकी शाळेत पोहोचले, हे खैराटचे वेगळेपण.

३. खैराटचा प्रयोग

‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ ही कल्पना निकोलस नेग्रोपोंटे यांनी २००५ मध्ये जगापुढे मांडली. तिच्यामागे सीमोर पॅपर्ट यांचा रचनावादी शिक्षणविचार होता. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना शैक्षणिकदृष्ट्या शंकास्पद मानून नाकारली. तरीही २००७ च्या उत्तरार्धात, शासनाच्या राष्ट्रीय योजनेबाहेर, खैराट येथील जिल्हा परिषदेच्या शाळेत हे लॅपटॉप आले. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथीचे वर्ग आणि वीसेक विद्यार्थी, असे या शाळेचे स्वरूप होते.

‘एक्सओ’ हे यंत्र अभियांत्रिकीच्या दृष्टीने असामान्य होते. त्यात ४३३ मेगाहर्ट्झचा एएमडी जिओड प्रोसेसर, २५६ एमबी स्मृती आणि हार्ड डिस्कऐवजी १ जीबीची फ्लॅश साठवण होती. पडदा भर उन्हातही वाचता येई. फिरणारा एकही भाग नसल्याने धूळ व धक्के यांचे भय कमी होते आणि विजेची गरज अत्यल्प होती. ग्रामीण महाराष्ट्र भारनियमनाने हैराण झालेल्या त्या वर्षांत हा गुण लहान नव्हता. शेजारची यंत्रे परस्परांशी बिनतारी जाळे विणत. हे सारे फेडोरा लिनक्सवर आणि तिच्यावर बेतलेल्या ‘शुगर’ या मुलांसाठीच्या दर्शनी रचनेवर चालत होते.

येथे मुक्तस्रोत असणे ही चैन नव्हती, ती तांत्रिक आवश्यकता होती. इतक्या तोकड्या साधनांत प्रणाली बसविण्यासाठी तिच्या अंतर्भागात हात घालावा लागला, आणि तो हात घालण्याची मुभा लिनक्सने दिली. मे २००८ मध्ये याच यंत्रावर विंडोज एक्सपी देण्याचे जाहीर झाले, तेव्हा १ जीबीची साठवण अपुरी पडत असल्याने वेगळे एसडी कार्ड जोडण्याची सोय करावी लागली, हा पुरावा पुरेसा बोलका आहे. पुढे एक्सओची नवी आवृत्ती एआरएम प्रोसेसरवर गेली, तेव्हा फेडोरा आणि शुगर तिच्याबरोबर गेल्या.

४. आजवरच्या चर्चेची मर्यादा

या प्रकल्पाचे समर्थक आणि विरोधक यांचे युक्तिवाद तपासले असता दोघांचाही एक समान दोष दिसून येतो. समर्थकांनी मुलांचा उत्साह, उपस्थिती आणि छायाचित्रांतील आनंद यांना प्रमाण मानले. विरोधकांनी शिक्षक, वर्गखोल्या व स्वच्छतागृहे यांचा प्राधान्यक्रम मांडला. दुसऱ्या बाजूचा आक्षेप निःसंशय वजनदार आहे. पेरूमधील ३१९ ग्रामीण शाळांवर आधारित, इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या २०१२ च्या अभ्यासात गणित व भाषा या विषयांतील गुणांवर लॅपटॉपचा परिणाम आढळला नाही. सर्वसाधारण आकलनक्षमतेवर मात्र काही अनुकूल परिणाम दिसला.

परंतु दोन्ही पक्षांनी लॅपटॉपला एक बंद पेटी मानले. पेटीने मुलांचे काय केले, एवढेच त्यांनी विचारले. मुलांना, शिक्षकांना किंवा जिल्ह्यातील महाविद्यालयांना त्या पेटीचे काय करता आले, हा प्रश्न विचारला गेला नाही. वस्तुतः मुक्तस्रोताचा संपूर्ण दावा या दुसऱ्या प्रश्नावर उभा आहे.

या दृष्टीने एक्सओच्या कळफलकावरील एक कळ लक्षणीय ठरते. समोर चाललेल्या उपक्रमाची मूळ आज्ञावली दाखविणे हे त्या कळीचे काम होते. मुलाने खेळता खेळता खेळाचे अंतरंग पाहावे, ही कल्पना विलक्षण सुंदर होय. प्रत्यक्षात प्रारंभीच्या काळात मोजक्याच उपक्रमांत ती कळ कामास आली. त्याहून गंभीर विसंगती यंत्राच्या अगदी तळाशी होती. चोरीला आळा बसावा म्हणून यंत्र कुलूपबंद केलेले असे आणि त्यात स्वतः बदललेली प्रणाली चढवायची तर यंत्राच्या क्रमांकासह अर्ज करून ‘विकसक-किल्ली’ मागवावी लागे. आज्ञावली खुली आणि यंत्र कुलूपात, असा हा प्रकार. हेतू चांगला होता, हे मान्य करूनही असे म्हणणे भाग आहे की वाचण्याचा अधिकार आणि बदलण्याचा अधिकार यांची येथे फारकत झाली. योगायोगाने त्याच २००७ साली जीपीएल परवान्याची तिसरी आवृत्ती याच प्रकारच्या कुलुपांना उत्तर म्हणून प्रसिद्ध झाली. लिनक्सचा गाभा मात्र दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिला.

५. यंत्राचे आयुष्य कोण ठरवितो?

मुक्तस्रोत प्रणाली वापरली की जुने यंत्र अमर होते, अशी एक भाबडी समजूत आढळते. एक्सओचीच कथा तिला छेद देते. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ या आवृत्तीने ३२-बिट यंत्रांसाठीची किमान अट वाढविली आणि एका विशिष्ट यंत्र-आज्ञेचा आधार नसलेले एएमडी जिओड प्रोसेसर तिच्या कक्षेबाहेर गेले. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये तर ३२-बिट पीसीवर नव्याने स्थापना करण्याची सोयच उरली नाही. म्हणजे मुक्त जगातही यंत्रे निवृत्त होतात.

मग विंडोज १० च्या समाप्तीत आणि यात फरक कोणता? फरक निर्णयाच्या स्वरूपात आहे. डेबियनमधील निर्णय सांभाळणाऱ्या हातांच्या अभावी होतो, आणि ज्यांना तो मान्य नाही त्यांना मूळ आज्ञावली घेऊन पुढे जाता येते. हे केवळ कागदावरचे स्वातंत्र्य नव्हे. २०१२ साली रास्पबेरी पाय हा स्वस्त संगणक आला तेव्हा त्याचा एआरएमव्ही६ प्रोसेसर डेबियनच्या नव्या एआरएम बांधणीत बसत नव्हता. काही स्वयंसेवकांनी हजारो घटक पुन्हा संकलित करून ‘रास्पबियन’ तयार केली. जेथे हात होते तेथे यंत्र जगले. जिओडसाठी ते हात पुरेसे नव्हते.

अपरिचित यंत्रांबाबत आणखी एक अडचण लक्षात घ्यावी लागते. नेहमीच्या पीसीमध्ये कोणते भाग जोडले आहेत हे प्रणालीला विचारून कळते. एआरएम फळ्यांवर पूर्वी तशी समान पद्धत नव्हती. प्रत्येक उत्पादक लिनक्सची स्वतःची प्रत काढून, तीत आपल्या फळीपुरते बदल करून, ती तशीच सोडून देत असे. २०११ मध्ये टोरवाल्ड्स यांनी या गोंधळावर जाहीर नाराजी व्यक्त केली आणि त्यानंतर यंत्राचे वर्णन वेगळ्या तक्त्यात, म्हणजे ‘डिव्हाइस ट्री’मध्ये देण्याची पद्धत रूढ झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतात ‘आकाश’ टॅबलेटचे उद्घाटन झाले. २०१२ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी हा प्रकल्प मुंबई आयआयटीकडे होता आणि तेथे या टॅबलेटवर अँड्रॉइडखेरीज गनू/लिनक्स चालविण्याचे कामही झाले. ते काम स्वागतार्ह होते. परंतु स्वस्त टॅबलेट वाटणाऱ्या धोरणात त्या यंत्राची प्रणाली दहा वर्षे कोण सांभाळणार, याला स्थान नव्हते. रास्पबेरी पायही पूर्णतः खुले नाही, त्याच्या आरंभप्रक्रियेतील काही भाग बंदच आहे, हेही नमूद केले पाहिजे.

६. भाषा : रंग आणि साचा

मराठीचा प्रश्न याच चौकटीत पाहावा लागतो. एके काळी आपली लिपी अक्षरशः यंत्राच्या सुट्या भागात बंदिस्त होती. सी-डॅकचे ‘जिस्ट’ कार्ड संगणकात बसविले तर देवनागरी दिसे, काढले तर नाहीशी होई. कार्डानंतर विंडोजवरील विविध टंकांचे युग आले. प्रत्येक टंकाची आंतरिक सांकेतिक रचना निराळी असल्याने एका कार्यालयातील मजकूर दुसऱ्या कार्यालयात अगम्य चिन्हांचा पुंजका होई. महाविद्यालयांच्या कार्यालयांत आजही अशा धारिका आहेत, आणि ‘आमचे मराठी काम लिनक्सवर होणार नाही’ या तक्रारीचे खरे मूळ तेथे आहे. दोष लिनक्सचा नसून, आपण आपली भाषा एका विक्रेत्याच्या टंकात ठेव म्हणून ठेवली होती, हा आहे.

युनिकोड आणि रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली दिलेले ‘लोहित’ टंक यांनी ही अडचण बव्हंशी दूर केली. तथापि पडद्यावरील शब्द मराठीत आले म्हणजे संगणक मराठी झाला, असे मानणे अपुरे आहे. पेणच्या वाचकाला हे वेगळे सांगण्याची गरज नाही. पेण, हमरापूर, जोहे या परिसरातून रंग न दिलेल्या कच्च्या गणेशमूर्ती अन्य गावी जातात. तेथील कारागीर आपल्या आवडीप्रमाणे रंगकाम करतात. रंग त्यांचा असतो, परंतु पुढच्या वर्षी नवी मूर्ती हवी असेल तर पेणकडेच यावे लागते, कारण साचा येथे आहे. दर्शनी भाषांतर हे रंगकाम होय. मुक्तस्रोत प्रणाली रंगाबरोबर साचाही देते. पण साचा मिळूनही तो वापरण्याची विद्या नसेल तर आपण रंगारीच राहतो. मूर्तिकलेत ज्या तालुक्याने साच्याचे मोल ओळखले, त्याने संगणकाच्या बाबतीत केवळ रंगावर समाधान मानावे, ही विसंगती विचार करण्यासारखी आहे.

७. महाविद्यालयांची भूमिका

खैराटच्या प्रयोगातील खरी उणीव येथे स्पष्ट होते. त्याची रचना बोस्टन ते शाळा अशी सरळ होती. मधला टप्पा रिकामा होता. यंत्र बिघडल्यास, प्रणाली जुनी झाल्यास, मराठी पाठासाठी नवा उपक्रम हवा असल्यास ज्यांच्याकडे जावे असे जाणकार मंडळ जवळपास निर्माण करणे हा योजनेचा भाग नव्हता. एका शिक्षकाच्या खांद्यावर चार वर्ग, पोषण आहार आणि त्यात लिनक्सची देखभाल टाकणे अन्यायाचे होते. हा मधला टप्पा म्हणजेच तालुक्याच्या ठिकाणचे महाविद्यालय. संगणकशास्त्राचे विद्यार्थी आणि प्राध्यापक तेथे असतात. नसते ते कामाचे निमित्त.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, विद्यार्थ्यांना नोकरीसाठी विंडोज येणे आवश्यक आहे. हे अंशतः खरे आहे. वाणिज्य शाखेतील लेखा-आज्ञावली आणि कार्यालयीन कामे पाहता विंडोज पूर्णतः काढून टाकण्याचा आग्रह अव्यवहार्य ठरेल. परंतु सर्वच यंत्रे एका प्रणालीवर असण्याची आवश्यकताही त्यातून सिद्ध होत नाही. दुसरा आक्षेप प्राध्यापकांच्या वेळेचा आहे. तो अधिक गंभीर आहे, कारण मुक्तस्रोतातील ‘मोफत’ या शब्दामागे कोणाचे तरी श्रम असतात. ते श्रम कार्यभारात मोजले गेले नाहीत तर हौशी प्राध्यापकाची बदली वा निवृत्ती होताच प्रयोगशाळा पूर्वस्थितीला येते. म्हणून संस्थाचालकांनी परवान्यांवर वाचलेल्या रकमेचा काही भाग या श्रमांकडे वळविणे न्याय्य होईल.

प्रत्यक्ष उपाय साधे आहेत. कालबाह्य ठरविलेल्या संगणकांपैकी ६४-बिट यंत्रांवर डेबियनसारखी प्रणाली बसवावी. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातील मराठी पाठ अध्यापनात वापरावेत. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एखादे जुने यंत्र किंवा एआरएम फळी द्यावी आणि केलेल्या प्रत्येक बदलाची मराठीत नोंद ठेवण्यास सांगावे. अशी ‘दुरुस्तीची वही’ पुढील तुकडीच्या हाती जाईल. मुंबई आयआयटीने २०१९ मध्ये जाहीर केलेला ‘अजित’ हा देशी प्रोसेसर स्पार्क व्ही८ या खुल्या आज्ञासंचावर आधारलेला आहे. रिस्क-व्हीवर आधारित देशी प्रोसेसरही आता उपलब्ध होत आहेत. उद्या अशी यंत्रे महाविद्यालयांत आली तर त्यांच्यासाठी हे शिक्षणच उपयोगी पडणार आहे.

८. निष्कर्ष

खैराटचा प्रयोग अयशस्वी ठरला, असा सरसकट निर्वाळा देणे योग्य होणार नाही. तोकड्या विजेवर, धुळीत, साध्या खोलीत मुक्तस्रोत कार्यप्रणाली आणि आगळे यंत्र यांची जोडी काम करू शकते, हे त्याने दाखविले. मात्र त्याने यंत्र दिले आणि यंत्राभोवतीचा समाज दिला नाही. आज्ञावली खुली ठेवली आणि ती बदलण्याची वाट कुलुपात ठेवली. यापुढे कोणतीही यंत्रे स्वीकारताना, मग ती देणगीची असोत वा अनुदानाची, आपण चार प्रश्न विचारावेत. यावर आपली प्रणाली आपल्याला चढविता येते काय? तिचे पुढील सात-आठ वर्षे जतन कोण करणार? आपला मराठी मजकूर दुसऱ्या यंत्रावर जसाच्या तसा उघडेल काय? आणि बिघाड झाल्यास तालुक्यात कोणाला बोलवावे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आज अनेकदा मुंबई किंवा पुणे असे येते. ते पेण किंवा रोहा असे येऊ लागेल तेव्हा नोंदवहीतील ‘चालू स्थितीत’ या शब्दांना खरा अर्थ प्राप्त होईल.